परदेशात जातोय: बँक खातं, पैसे पाठवणं, दोन देशांतला हिशेब... सुरुवात कुठून करू?

नवी पाटी

नमस्कार मंडळी. नवऱ्याची परदेशात बदली झालीये, दोन महिन्यांत आम्ही दोघं निघतोय, किमान तीन-चार वर्षं तरी तिकडेच. देश अजून पक्का व्हायचाय, कंपनीची दोन ऑफिसं आहेत आणि व्हिसा आधी कुठला येतो त्यावर ठरेल, म्हणून अमुक देशात काय करतात यापेक्षा कुठेही गेलं तरी काय सांभाळावं लागतं ते विचारतेय.

घरातले पैशांचे व्यवहार आजवर मीच बघत आले. हप्ते, विमा, आई-बाबांच्या खात्यात दर महिन्याला जाणारी रक्कम, सगळं. पण ते एकाच देशात, एकाच चलनात, ओळखीच्या बँकेत होतं. आता कंपनी म्हणते पगार फक्त तिथल्या खात्यात जमा होईल, तिथली बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा, आणि घरमालक म्हणतात भाडेकरारासाठी आधी तिथल्या बँकेचं खातं दाखवा. मग माणसाने पहिलं पाऊल टाकायचं तरी कुठे?

इकडे गृहकर्ज चालू आहे, अजून बरीच वर्षं चालेल. त्याचा हप्ता आणि आई-बाबांचे पैसे तिकडच्या पगारातून पाठवायचे, ते बँकेतून की ॲपने, दर महिन्याला की तीन महिन्यांचे एकदम? इकडची खाती ठेवायची की बंद करायची?

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतंय. मला तिकडे लगेच काम करायची परवानगी नाही. म्हणजे पगार त्याचा, खातं त्याचं, कार्ड त्याचं. आमच्यात काही कुरबुर नाही, तो स्वतःच म्हणतो की पैशाचं तूच बघ. पण बँकेच्या लेखी मी कोणीच नसेन, ह्याची मला सवय नाही. नोकरी नसताना स्वतःच्या नावावर काही करता येतं का?

खातेवही

पत्ता आधी की खातं आधी हा घोळ जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो, घाबरू नका. सुटायचा रस्ता बहुतेक वेळा नवऱ्याच्या कंपनीतूनच जातो. एचआरकडून लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात हुद्दा, पगार, रुजू व्हायची तारीख आणि तात्पुरता राहण्याचा पत्ता (कंपनीचं गेस्ट हाऊस असेल तरी चालतं) हे चारही असू दे. आणि सरळ विचारा की गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या लोकांनी कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत खाती उघडली, कारण एकाच बँकेच्या दोन शाखांत दोन वेगळी उत्तरं मिळतात हे मी स्वतः पाहिलंय. एका शाखेतून मला परत पाठवलं आणि त्याच कागदांवर दुसऱ्या शाखेत पाऊण तासात खातं झालं.

युरोपियन युनियनमधला देश ठरला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे २०१४ च्या कायद्याने कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही साधं, बेसिक खातं मिळण्याचा हक्क आहे, कायमचा पत्ता नसला तरी आणि नोकरी नसली तरी. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने खातं उघडायचं किंवा नकार कळवायचा. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, त्यामुळे 'बेसिक पेमेंट अकाउंट' हेच शब्द वापरून मागा. हा हक्क तुम्हालाही आहे, फक्त पगार मिळवणाऱ्या नवऱ्याला नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, निदान युरोपपुरतं.

निघायच्या आधी इकडेच करून घ्यायची कामं: सहा महिन्यांची स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह, खातं किती वर्षांपासून चांगलं चालू आहे असं बँकेचं पत्र, आणि विवाह नोंदणीचा दाखला अपोस्टील करून. हा अपोस्टीलचा शिक्का म्हणजे १९६१ च्या हेग कराराप्रमाणे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून असतो आणि तो कागद ज्या देशाने दिला तिथेच मिळतो, तिकडे पोचल्यावर आठवलं तर फार धावपळ होते. जोडखातं, बायको-नवऱ्याचा विमा, कराची सवलत, सगळीकडे हाच दाखला मागतात.

नावाचं स्पेलिंग आणि क्रम पासपोर्टवर आहे अगदी तसाच सगळीकडे लिहा. मधलं नाव एका ठिकाणी आहे, दुसरीकडे नाही, तिसरीकडे आडनावाच्या जागी बसलंय, असं झालं की पैसे अडकतात. युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून पैसे जाण्याआधी नाव आणि खाते क्रमांक जुळतात का हे बँकेला तपासून दाखवावंच लागतं, त्यामुळे नावातला फरक आता लगेच समोर येतो.

शेवटचं, पहिले काही आठवडे नुसत्या मोबाइलवर चालणारं ॲपचं खातं घेतलंत तर चांगलंच आहे, पासपोर्ट आणि व्हिडिओ कॉलवर उघडतं. पण त्या कंपनीकडे बँकेचा परवाना आहे की फक्त ई-मनीचा (म्हणजे पैसे ॲपमध्ये ठेवून खर्च करता येतात, पण ती बँक नसते), हे बघा. खऱ्या बँकेत ठेवीला विमा असतो, युरोपियन युनियनमध्ये माणशी, दर बँकेमागे १ लाख युरोपर्यंत, अमेरिकेत २.५ लाख डॉलरपर्यंत. ई-मनीवाल्यांना तुमचे पैसे वेगळे ठेवावे लागतात, पण तो ठेवीचा विमा तिथे लागू नसतो. तेव्हा त्यात महिन्याचा खर्च ठेवा, शिल्लक नको.

घड्याळ

एकच सांगतो कारण बाकी लोक लिहितीलच. इकडचा मोबाइल नंबर बंद करू नका!! इकडच्या बँकेचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येणार. मी सिम कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं, रिचार्ज विसरलो, नंबर गेला आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला मिळाला. बँकेत नंबर बदलायचा तर ओटीपी जुन्या नंबरवर. शेवटी विमानाचं तिकीट काढून स्वतः शाखेत जावं लागलं.

निघायच्या आधी रोमिंगवर मेसेज येतो का ते बघा, स्वस्तातलं स्वस्त रिचार्ज ऑटोवर टाका, आणि बँक ॲपमधून मंजुरी किंवा ईमेलवर ओटीपी देत असेल तर तो पर्याय आत्ताच चालू करून घ्या. जुना फोन फेकू नका, ॲप त्याच्यावर रजिस्टर असतं.

हिशेबी

पैसे पाठवण्याबद्दल मी लिहितो, दर महिन्याला घरी पाठवत आलोय, बरीच वर्षं झाली.

'शून्य फी' असं लिहिलेलं दिसलं की फी बघायचीच नाही, दर बघायचा. बाजारात दोन चलनांचा जो मधला दर चालू असतो तो कुठल्याही सर्च इंजिनवर दिसतो. तुम्हाला देऊ केलेला दर त्याच्यापेक्षा किती खाली आहे, तीच खरी फी. हजार पाठवताना दर तीन टक्क्यांनी वाईट असेल तर तीस गेले, आणि पावतीवर मात्र फी शून्यच दिसते. मी कधीच टक्केवारी काढत बसत नाही, एकच प्रश्न विचारतो: माझ्या खात्यातून इतके गेले, तर आईच्या खात्यात नेमके किती पडतील? तो आकडा दोन-तीन ठिकाणी त्याच पाच मिनिटांत बघायचा आणि जिथे जास्त पडतात तिथून पाठवायचे.

जागतिक बँक ह्याची जगभरची सरासरी काढत असते. २०० डॉलर पाठवायला सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो, आणि त्यातही सगळ्यात महाग बँका. २०३० पर्यंत हा खर्च तीन टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे घाम गाळून घरी पाठवणाऱ्या माणसाच्या शंभरातले सहा वाटेतच जातात, आणि ते बहुतेकांना कळतही नाही. मला ह्याचा खरंच राग येतो.

आता बँकेतून स्विफ्टने पाठवता तेव्हा काय होतं ते समजून घ्या. स्विफ्ट स्वतः पैसे हलवत नाही, ती बँकांनी एकमेकांना निरोप द्यायची व्यवस्था आहे, १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली. तुमच्या बँकेचं समोरच्या बँकेत खातं नसेल तर मध्ये एक किंवा दोन मध्यस्थ बँका येतात आणि त्या आपापला चार्ज कापून घेतात. फॉर्मवर तीन पर्याय असतात, ओयूआर, एसएचए, बीईएन. पहिल्यात सगळा खर्च तुमचा, दुसऱ्यात दोघांत वाटून, तिसऱ्यात घेणाऱ्याचा. मी पहिल्या घराचं डिपॉझिट पाठवलं तेव्हा घाईत मधला पर्याय तसाच राहिला, मध्यस्थ बँकेने थोडेसे कापले, आणि घरमालकाने डिपॉझिट पूर्ण आलं नाही म्हणून किल्ली चार दिवस दिली नाही. सामान, बायको, लहान मुलगी आणि मी, चार दिवस हॉटेलात. फरक होता एका जेवणाच्या बिलाएवढा. तेव्हापासून भाडं, डिपॉझिट, शाळेची फी असं जिथे अचूक आकडा पोचला पाहिजे तिथे मी ओयूआर टाकतो, आणि घरी पाठवायला ॲपची सेवा वापरतो.

पैसे पाठवले आणि पोचले नाहीत तर 'वाट बघा' ह्या उत्तरावर थांबू नका. प्रत्येक स्विफ्ट व्यवहाराला यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो, तो मागून घ्या. त्यावरून पैसे कुठल्या बँकेत अडकलेत ते कळतं.

क्रमांकांचं पण सांगतो. आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, तो जास्तीत जास्त ३४ अक्षरांचा, सुरुवातीची दोन अक्षरं देशाची आणि पुढचे दोन आकडे तपासणीचे, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर बहुधा सिस्टीम लगेच पकडते. पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे आयबॅन नाहीच. अमेरिकेत बँक ओळखायचा नऊ आकडी राउटिंग नंबर, ऑस्ट्रेलियात त्याच कामाचा सहा आकडी बीएसबी आणि पुढे खाते क्रमांक, तिथे प्रत्येक आकडा स्वतः दोनदा वाचायचा. नवीन खात्यात पहिल्यांदा पाठवताना आधी अगदी छोटी रक्कम पाठवा, ती पोचली असा फोन आला की मग बाकीची.

अजून एक, कार्डाचं. प्रवासात किंवा पहिल्या दिवसांत इकडचं कार्ड तिकडे वापराल तेव्हा मशीन विचारतं, तुमच्या घरच्या चलनात पैसे भरायचे का? ओळखीचा आकडा दिसतो म्हणून हो म्हणावंसं वाटतं. नेहमी स्थानिक चलनच निवडा. घरच्या चलनातला दर ते मशीन किंवा एटीएम चालवणारे ठरवतात आणि त्यात त्यांचा नफा असतो.

महिन्याला की एकदम? हप्ता चुकता कामा नये, म्हणून मी हप्त्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी पाठवतो आणि इकडच्या खात्यात दोन हप्ते कायम पडून ठेवतो. शनिवार-रविवार, दोन्ही देशांच्या वेगवेगळ्या सुट्ट्या, बँकेने मध्येच मागितलेला एखादा कागद, ह्यात पाच दिवस सहज जातात.

दूरचा किनारा

नवी पाटी, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी लॉगिन केलं. एरवी नुसती वाचते.

मीही अशीच आले होते, काम करायची परवानगी नसलेल्या व्हिसावर. सगळं नवऱ्याच्या नावावर, भाडेकरार, वीज, इंटरनेट, बँक. माझ्याकडे त्याच्या खात्याचं ॲडिशनल कार्ड होतं, मला वाटायचं झालं की, पैसे तर मिळतायत. आठव्या महिन्यात त्याला अपघात झाला, अकरा दिवस तो शुद्धीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी भाड्याची तारीख आली. बँकेत फोन केला तर म्हणाले, खातेदाराशीच बोलू शकतो. त्याचा फोन त्याच्या बोटाने उघडायचा, पिन मला माहीत नव्हता. दुकानात कार्ड चालत होतं पण त्याची मर्यादा दोन दिवसांत संपली. आमच्या त्याच खात्यात सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढे पैसे होते आणि मी शेजारणीकडे उसने मागत होते. त्या दिवसांत मला त्याच्या तब्येतीची काळजी करायला सुद्धा नीट वेळ मिळाला नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

तो बरा झाला, आता ठणठणीत आहे. पण त्यानंतर आम्ही जे केलं ते तुम्ही पहिल्या महिन्यातच करा.

तुमच्या एकटीच्या नावावर एक खातं. राहण्याचा परवाना तुमच्या स्वतःच्या नावाचा असतो, पासपोर्ट स्वतःचा असतो, बऱ्याच बँकांना खातं उघडायला एवढं आणि पत्ता पुरतो, पगार नसला तरी. उत्पन्नाच्या रकान्यात 'जोडीदाराचं उत्पन्न' लिहायचं. त्यात तीन महिन्यांचा घरखर्च ठेवायचा आणि नवऱ्याच्या खात्यातून दर महिन्याला थोडी रक्कम आपोआप वळती होईल असं लावून द्यायचं.

दुसरं जोडखातं, ज्यातून दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो असं. पण फक्त जोडखात्यावर विसंबू नका, कारण दोघांपैकी एकजण गेला तर काही देशांत कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत जोडखातंही गोठवतात. आणि नॉमिनी लावला की झालं, ही पद्धतही सगळ्या देशांत नाही.

तिसरं, भाडेकरारावर दोघांची नावं आणि विजेचं नाहीतर पाण्याचं बिल तुमच्या नावावर. पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून तेच कामाला येतं, आणि ते नसेल तर तुम्ही वर्षानुवर्षं त्या घरात राहून कागदोपत्री कुठेच राहत नसता.

चौथं, त्या देशात चालेल असं मुखत्यारपत्र, एकमेकांच्या नावाने. इकडे केलेलं तिकडची बँक मानेलच असं नाही, काही बँका तर स्वतःच्याच फॉर्मवर मागतात.

ह्यात नवऱ्यावर अविश्वास काही नाही. माझ्या नवऱ्याने शुद्धीवर आल्यावर ऐकलं तेव्हा त्यालाच रडू आलं, आणि घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तोच मला घेऊन बँकेत गेला.

नवी पाटी

दूरचा किनारा, तुमचं वाचून दोघंही गप्प झालो. त्याला वाचायला दिलं, तो म्हणाला विवाह दाखल्याचा अपोस्टील उद्याच करायला टाकू. मनापासून आभार तुमचे आणि सगळ्यांचेच.

अजून दोन शंका. एक म्हणजे नवऱ्याचा मित्र सांगतोय की तिकडे व्याजदर कमी आहे, तर तिकडच्या चलनात कर्ज काढा आणि इकडचं गृहकर्ज फेडून टाका. आकडे बघून मोह होतोय खरा. दुसरं, इकडे आमचा क्रेडिट स्कोअर उत्तम आहे, तो तिकडे कामाला येतो का?

साधा सरळ

माझं मत वेगळं आहे. दोन देशांत खाती ठेवली की दोन देशांचे कर, दोन देशांचे कागद. मी निघताना मागची सगळी खाती बंद केली, पैसे सोबत नेले, एकच बँक, एकच देश. डोक्याला ताप नाही. घरी पाठवायचे तर वडिलांच्या खात्यात थेट जातात. तुम्हीही तेच करा.

तीन देश

साधा सरळ, तुमच्या मागे काही कर्ज, विमा, घर नव्हतं म्हणून ते जमलं असावं. ह्यांचं गृहकर्ज चालू आहे, त्याचा हप्ता इकडच्याच खात्यातून कापला जाणार, आणि परत यायचंय तीन-चार वर्षांत. एक तरी खातं हवंच. पण तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, जी चार-पाच खाती कधी वापरतच नाही ती आत्ताच बंद करावीत. परदेशातून पडून असलेलं खातं पुन्हा जागं करायला फार त्रास होतो. (आणि नेलेली रक्कम रोख असेल तर, युरोपियन युनियनमध्ये १० हजार युरो किंवा जास्त, अमेरिकेत १० हजार डॉलरच्या वर, कस्टमला सांगावंच लागतं. नेण्यावर बंदी नाही, पण लपवलं तर रक्कम जप्त होऊ शकते.)

नवी पाटी, आता तुमचं कर्ज. व्याजदर बघून परक्या चलनात कर्ज घ्यायचं असेल तर आधी पोलंडचं उदाहरण वाचा. तिथे पगार झ्लॉटी या तिथल्या चलनात असलेल्या लाखो लोकांनी स्विस फ्रँकमधली गृहकर्जं घेतली होती, का तर फ्रँकवरचं व्याज कमी. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा काही पूर्वसूचना न देता काढून टाकली आणि फ्रँक त्याच सकाळी उसळला. घर तेच, पगार तोच, पण झ्लॉटीत मोजलेलं कर्ज रातोरात फुगलं. त्याचे कोर्टखटले पुढे कित्येक वर्षं चालू राहिले.

ह्यावरून मी एकच पथ्य पाळतो: कर्ज त्याच चलनात ज्या चलनात कमावतो आणि जिथे ती वस्तू आहे. तुमच्या बाबतीत तीन-चार वर्षं कमाई तिकडची आणि घर इकडचं, म्हणजे आजही चलनाची थोडी जोखीम आहेच, पण परत आलात की तिकडचं कर्ज इकडच्या पगारातून फेडायची वेळ आली तर ती जोखीम कायमची गळ्यात पडेल. मित्राने दाखवलेले आकडे आजच्या दराचे आहेत. त्यापेक्षा तिकडचं चलन वधारलेलं असेल त्या महिन्यात थोडे जास्त पाठवून इकडच्या कर्जाची मुद्दल कमी करत राहा, मी दोनदा असंच कर्ज मुदतीआधी संपवलंय.

क्रेडिट स्कोअर: नाही, तो सहसा सोबत येत नाही. प्रत्येक देशाच्या पतनोंदणी संस्था वेगळ्या, त्यांच्या लेखी तुमचा जन्मच काल झालाय. तिसऱ्या देशात माझा पगार चांगला होता, डोक्यावर कर्ज नव्हतं, तरी फोनचं कॉन्ट्रॅक्ट नाकारलं. वाईट वाटून घेऊ नका आणि मुख्य म्हणजे एकामागून एक पाच बँकांत अर्ज करू नका, कारण बऱ्याच देशांत प्रत्येक अर्जाची नोंद होते. डिपॉझिट ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घ्या, महिन्याला एखादं बिल त्यावरून भरा, आणि पूर्ण रक्कम तारखेच्या आत फेडा. अमेरिकेत ३०० ते ८५० मधला जो फायको स्कोअर म्हणतात तो तयार व्हायलाच निदान सहा महिने जुनं एक खातं लागतं. हे कार्डही दोघांनी वेगवेगळं घ्या. ॲडिशनल कार्डावर केलेल्या खर्चाची नोंद बऱ्याच ठिकाणी फक्त मूळ खातेदाराच्या नावावर होते.

करांचं थोडक्यात. १८३ दिवसांचा नियम (वर्षात तेवढे दिवस जिथे राहाल तिथले तुम्ही कर-रहिवासी) सगळे तोंडपाठ सांगतात, पण तेवढ्यावर भागत नाही. दोन्ही देश तुम्हाला आपला रहिवासी म्हणू शकतात, आणि मग दोन देशांमधल्या करारात साधारण असा क्रम लागतो की कायमचं घर कुठे, मग कुटुंब आणि पैशाचे संबंध कुठे जास्त, मग नेहमीचा मुक्काम कुठे, मग नागरिकत्व. तुमचं इकडे घर आहे म्हणजे हा प्रश्न येणारच. पहिल्या वर्षी दोन्ही देशांचं कळणारा सल्लागार गाठा, त्याच्या फीमध्ये काटकसर नको.

आणि इकडच्या बँकेला तुम्ही परदेशी राहायला गेलात हे कळवाच. बँक खात्याचा प्रकार बदलायला सांगेल, कदाचित एखादं खातं बंद करायला लावेल. कळवलं नाही तर कोणाला कळणारे, असं वाटतं, पण ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेने २०१४ साली जे सामायिक मानक केलं, ज्याला सीआरएस म्हणतात, त्याखाली २०१७ पासून शंभराहून जास्त देश एकमेकांच्या रहिवाशांच्या खात्यांची माहिती दर वर्षी आपोआप देतात. अमेरिका त्यात नाही, तिचा स्वतःचा 'फाटका' (FATCA) नावाचा २०१० चा कायदा आहे. खातं उघडताना 'तुम्ही कुठल्या देशाचे कर-रहिवासी' असा जो फॉर्म देतात तो ह्याचसाठी, तो घाईत भरू नका.

खातेवही

तीन देश यांना पूर्ण अनुमोदन. मी मघाशी एक विसरलो, आकडे लिहायची पद्धत. युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. १.५०० म्हणजे दीड नाही, पंधराशे. अमेरिकेत तारखेत महिना आधी. बिलाची शेवटची तारीख ०५/०६ असेल तर ती जून की मे, हे पहिल्या वर्षी विचारून घ्यायला लाजू नका.

घड्याळ

मीही अजून एक टाकतो, कारण नव्याने आलेल्यांनाच हे लोक शोधून काढतात. 'तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून घ्या आणि बाकीचे पुढे पाठवा', असं कोणी कितीही सभ्य माणसाने, कितीही खऱ्या दिसणाऱ्या नोकरीच्या जाहिरातीत सांगितलं तरी नाही म्हणा. ते चोरीचे पैसे असतात, आणि खातं तुमचं म्हणून गुन्हा तुमच्यावर येतो, खातं बंद, व्हिसाही धोक्यात. काम करायची परवानगी नसलेल्यांना घरबसल्या काम म्हणून हे फार गळी उतरवतात. आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका, फोटो कितीही छान असोत.

दूरचा किनारा

हो, हे फार महत्त्वाचं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या बाबतीत झालंय, शिकायला आलेली, एकोणीस वर्षांची.

आणि नवी पाटी, परत निघाल तेव्हाचं आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर तेव्हा कोणी सांगायला नसतं. तिकडचं खातं विमानात बसायच्या आधी बंद करायचं नाही. घराचं डिपॉझिट, कराचा परतावा, विजेचं शेवटचं बिल, हे सगळं तुम्ही गेल्यावर दोन-चार महिन्यांनी येतं. आधी सगळे ऑटो डेबिट थांबवा, बँकेत नवा पत्ता द्या, सगळी स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा कारण खातं बंद झाल्यावर ती मागायला फार कटकट होते, आणि शेवटचा परतावा जमा झाला की मग खातं बंद करा. युरोपात असाल आणि तुम्ही गेल्यावर कोणी डायरेक्ट डेबिटने पैसे काढले तर आठ आठवड्यांच्या आत बँकेत सांगून, कारण न देता परत मागता येतात. मंजुरीच दिलेली नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत.

नवी पाटी

सगळं उतरवून घेतलं, चार पानं झाली. आज बँकेत जाऊन आलो. न वापरलेली तीन खाती बंद करायचा अर्ज दिला, हप्त्याच्या खात्यात दोन जादा हप्ते टाकले, सिमचं रिचार्ज ऑटोवर टाकलं आणि एकमेकांचे फोनचे पिन घेतले. मित्राला कर्जाबद्दल 'नको' असं कळवलं. एचआरला विचारलेत खातेवहींनी सांगितलेले प्रश्न, आणि त्यात एक माझाही घातला, की तिकडे गेलेल्या लोकांच्या जोडीदारांनी स्वतःच्या नावाची खाती कुठल्या शाखेत उघडली. उत्तर आलं की इथे लिहीन.